शेणखत टाकल्यावर भाताच्या खाचरात नेमकं काय होतं? युरियाच्या एका गोणीपासून समजून घ्या

मे महिना संपत आला की कोकणात भाताच्या खाचरांमध्ये शेणखताचे छोटे छोटे ढीग दिसू लागतात. पावसाचा अंदाज घेऊन ते पसरले जातात, नांगरट होते, मग चिखलणी आणि लावणी. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे खाचराला बांधी म्हणतात आणि लावणीला रोवणी. शब्द वेगळे, पण खताचा प्रश्न दोन्हीकडे एकच.

याच सुमारास मोबाइलवर दोन प्रकारचे व्हिडिओ फिरू लागतात. एकात सांगतात, ‘युरिया बंद करा, फक्त शेणखत टाका, जमीन आपोआप सुधारेल.’ दुसऱ्यात सांगतात, ‘सेंद्रिय शेती म्हणजे उत्पन्न निम्म्यावर.’ दोन्हींना हजारो लाइक्स मिळतात. आणि दोन्हींत एक गोष्ट सहसा सांगितलीच जात नाही: भाताच्या शेतात पाणी साचलेलं असतं, आणि पाण्याखालची माती कोरडवाहू शेतातल्या मातीसारखी वागत नाही.

म्हणूनच ज्वारी-कापसाला लागू पडणारा सल्ला भाताला जसाच्या तसा लागू पडत नाही. सेंद्रिय खतातलं नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर अन्नद्रव्यं खाचरात कुठे जातात, हे एकेक करून पाहू.

आधी एक साधा हिशेब

युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्राचं प्रमाण असतं साधारण अर्धा टक्का. म्हणजे एका टनात ५ किलो. युरियाच्या एका गोणीइतकं नत्र शेणखतातून द्यायचं तर चार टन शेणखत लागतं.

खरीप भातासाठी महाराष्ट्रात हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस सर्वसाधारणपणे केली जाते. एकरी धरलं तर नत्र साधारण ४० किलो. हे सगळं शेणखतातून द्यायचं ठरवलं तर एका एकराला आठ टन लागतील. त्यातलंही सगळं नत्र त्याच हंगामात पिकाला मिळत नाही. साधारण तिसरा हिस्सा पहिल्या पिकाला मिळतो, बाकीचं पुढच्या हंगामांत हळूहळू सुटतं.

आता गोठ्याकडे पाहू. एक मोठं जनावर दिवसाला अंदाजे दहा किलो शेण देतं. त्यात बहुतांश पाणी असतं, आणि कुजताना वजन आणखी घटतं. पॉवर टिलर आल्यापासून अनेक घरांच्या गोठ्यांत बैलजोडी उरलेली नाही. ‘फक्त शेणखत वापरा’ हा सल्ला ऐकायला सोपा आहे, पण तेवढं शेणखत आणायचं कुठून, हा प्रश्न व्हिडिओत येत नाही.

मात्र हा हिशेब इथेच थांबवला तर तो अर्धवट राहतो. युरियाच्या गोणीत फक्त नत्र असतं. चार टन शेणखतात नत्राबरोबर साधारण २० किलो पालाश, काही किलो स्फुरद, शिवाय गंधक, जस्त आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. दोघांची तुलना फक्त नत्रावर करणं म्हणजे भाकरी आणि साखर यांची तुलना फक्त गोडीवर करण्यासारखं आहे.

पाणी साचलं की मातीत काय बदलतं?

कोरड्या शेतातल्या मातीत हवा खेळती असते. खाचरात पाणी भरलं की ती वाट बंद होते. मातीतले जिवाणू शिल्लक ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपवून टाकतात. त्यानंतर तिथे ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं.

या जिवाणूंनाही ‘श्वास’ घ्यायला काहीतरी लागतं. मग ते आधी नायट्रेट वापरतात, नंतर मँगनीज, मग लोह, मग सल्फेट आणि सगळं संपल्यावर शेवटी मिथेन तयार होऊ लागतो. हा क्रम जवळजवळ ठरलेला आहे. आणि या सगळ्या जिवाणूंचं जेवण म्हणजे सेंद्रिय पदार्थ. त्यामुळे शेणखत, पाला किंवा पेंढा टाकला की ही पूर्ण साखळी वेगाने पुढे सरकते.

याचा एक मोठा फायदा आहे. कोकणातली जांभी जमीन आम्लधर्मी असते. पाण्याखाली काही आठवडे राहिल्यावर तिचा सामू, म्हणजे पीएच, हळूहळू उदासीनतेकडे, ६.५ ते ७ च्या आसपास सरकतो. पिकाला अन्नद्रव्यं घेण्यासाठी ही पातळी सोयीची असते. सेंद्रिय पदार्थ असेल तर हा बदल लवकर होतो.

नत्र: उधळपट्टी की बचत खातं?

पाणी भरलेल्या खाचरात फेकून दिलेल्या युरियाचं नशीब फारसं चांगलं नसतं. काही भाग अमोनिया वायू होऊन उडतो. काही भाग मुसळधार पावसात बांधावरून वाहून जातो. उरलेल्यात आणखी एक चोरवाट आहे. खाचरातल्या मातीच्या अगदी वरच्या पातळ थरात थोडा ऑक्सिजन असतो. तिथे अमोनियमचं नायट्रेट बनतं, ते खाली झिरपतं आणि खालच्या थरातले जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडून देतात. या सगळ्यात भाताच्या वाट्याला येतं दिलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्के.

नांगरटीत मातीत गाडलेल्या सेंद्रिय खताचं वेगळं होतं. त्यातलं नत्र जिवाणू हळूहळू मोकळं करतात, आणि ऑक्सिजन नसल्यामुळे ते अमोनियमच्या रूपातच थांबतं. अमोनियमवर धन भार असतो, मातीच्या कणांवर ऋण भार. त्यामुळे ते मातीला चिकटून राहतं आणि भाताची मुळं ते हवं तसं उचलतात. भाताला अमोनियम आवडतंही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. युरिया दिलेल्या शेतातही भाताच्या रोपात गेलेल्या नत्रापैकी निम्मं किंवा त्याहून जास्त नत्र त्या वर्षीच्या खतातून आलेलं नसतं. ते मातीत आधीपासून साठलेलं असतं. म्हणजे मातीतलं सेंद्रिय नत्र हे बचत खातं आहे. युरिया हा महिन्याचा पगार आहे. पगार बंद झाला तरी शिल्लक असेल तर काही काळ घर चालतं. पण खात्यात भर न घालता नुसतं काढतच राहिलं, तर एक दिवस खातं रिकामं होतं.

खाचराला एक नैसर्गिक व्याजही मिळतं. पाण्यात वाढणारं नीलहरित शेवाळ हवेतलं नत्र पकडतं. भारतीय शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ मध्ये हे दाखवून दिलं होतं. पाण्यावर तरंगणारी ॲझोला ही वनस्पतीही तिच्या पानांत राहणाऱ्या अशाच सोबत्याच्या मदतीने हेच काम करते.

मग सेंद्रिय खत टाकूनही भात पिवळा का पडतो?

ही तक्रार खूप ऐकू येते, आणि तिचं कारण बहुतेक वेळा एका गुणोत्तरात दडलेलं असतं: कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण.

भाताच्या पेंढ्यात एका भाग नत्रामागे ६० ते ८० भाग कर्ब असतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण २० च्या आसपास. गिरीपुष्पाच्या कोवळ्या पाल्यात त्याहूनही कमी. जिवाणूंना शरीर वाढवायला कर्बाबरोबर नत्रही लागतं. पेंढ्यात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. मग जिवाणू ती कमतरता मातीतलं नत्र खाऊन भरून काढतात. त्या काळात रोपाला नत्र मिळत नाही आणि पीक पिवळं पडतं. जिवाणू मेल्यावर ते नत्र परत मिळतं, पण तोवर फुटवे येण्याचा महत्त्वाचा काळ निघून गेलेला असतो.

न कुजलेलं शेण किंवा ओला पेंढा लावणीच्या तोंडावर गाडला तर आणखी एक त्रास होतो. ऑक्सिजनशिवाय कुजताना सेंद्रिय आम्लं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो, मुळं काळी पडतात.

थोडक्यात, खत ‘सेंद्रिय’ आहे एवढं पुरत नाही. ते किती कुजलेलं आहे आणि लावणीच्या किती दिवस आधी टाकलं, यावर ते पिकाला देणार की पिकाकडून घेणार हे ठरतं.

स्फुरद: जांभ्या मातीतली कैद

कोकणातल्या जांभ्या जमिनीला लाल रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमुळे. हेच लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट पकडून ठेवतं. त्यामुळे माती परीक्षणात कोकणात एक गमतीशीर चित्र दिसतं. बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कर्ब मध्यम ते भरपूर असतो, पण पिकाला उपलब्ध असलेला स्फुरद कमी असतो.

इथे पाणी आणि सेंद्रिय खत दोघं मिळून काम करतात. पाण्याखाली लोहाचं रूप बदलतं आणि त्याने धरून ठेवलेला काही स्फुरद सुटतो. सेंद्रिय खत कुजताना तयार होणारी आम्लं लोह-ॲल्युमिनियमवरच्या स्फुरदाच्या जागा अडवून बसतात, त्यामुळे नवा स्फुरद पुन्हा अडकत नाही. शेणखताचा स्वतःचा स्फुरद कमी असला तरी मातीतला अडकलेला स्फुरद सोडवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

पालाश आणि सिलिका: पेंढ्यात दडलेली तिजोरी

कापणीच्या वेळी भाताने घेतलेल्या नत्रापैकी साधारण ४० टक्के पेंढ्यात असतं. पालाशाचं प्रमाण मात्र ८० टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणजे दाणा घरी नेला तरी पालाशाचा मोठा हिस्सा पेंढ्याबरोबर असतो. पेंढा विकला, तर पालाशही विकला. पेंढा गुरांनी खाल्ला आणि शेण-मूत्र शेतात परतलं, तर त्यातला बराचसा परत येतो. मात्र गोमूत्र गोठ्यातून वाहून गेलं तर नुकसान होतं, कारण जनावराच्या पोटातून जाणाऱ्या पालाशाचा मोठा भाग मूत्रातूनच बाहेर पडतो.

दुसरी गोष्ट सिलिका. भाताचं पीक नत्रापेक्षा कितीतरी जास्त सिलिका उचलतं. पानांची धार हाताला कापते ती तिच्यामुळेच. पुरेशी सिलिका मिळालेलं रोप ताठ उभं राहतं, लोळत नाही, आणि करपा व खोडकिडीला तुलनेने चांगलं तोंड देतं. ही सिलिका पेंढ्यात आणि तुसात असते. रासायनिक खताच्या नेहमीच्या गोण्यांत ती मिळत नाही.

कोकणातला राब भाजण्याचा रिवाजही इथे समजून घ्यायला हवा. रोपवाटिकेच्या जागेवर पाला, फांद्या, शेण रचून जाळल्यावर राखेतून पालाश आणि सिलिका मिळते, तणाचं बी मरतं. रोपं जोमदार येतात ती उगाच नाही. पण जळताना नत्र आणि गंधक धुरातून निघून जातात, वरच्या थरातला कर्ब जळतो आणि दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात.

जस्त आणि लोह: इथे जपून

पाणी साचल्यावर बहुतेक अन्नद्रव्यं वाढतात, जस्त मात्र कमी उपलब्ध होतं. भातावरचा ‘खैरा’ रोग, ज्यात पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडतात, तो जंतूंमुळे नसून जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे पंतनगरचे शास्त्रज्ञ वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवलं. चांगलं कुजलेलं खत थोडं जस्त पुरवतं आणि मातीतलं जस्त मुळांपर्यंत पोहोचायला मदत करतं. पण कमतरता जास्त असेल तर झिंक सल्फेटला पर्याय नाही.

लोहाचं उलट आहे. पाण्याखाली विरघळलेलं लोह वाढतं. निचरा नसलेल्या, लोहयुक्त खाचरात भरपूर कच्चा सेंद्रिय पदार्थ टाकला तर ते विषारी पातळीला जाऊ शकतं. पाण्यावर तांबूस, तेलकट साय दिसते, पानं तांबूस पडतात. अशा जागी आधी पाणी काढून देण्याची सोय करावी लागते, आणि खत पूर्ण कुजलेलंच वापरावं लागतं.

जीवामृतातून किती नत्र मिळतं?

नेहमीच्या कृतीप्रमाणे एका एकरासाठी २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन घालतात. या सगळ्यातलं नत्र एकत्र केलं तरी ते पाव किलोच्या आसपास भरतं. भाताची गरज आहे एकरी ४० किलो. त्यामुळे जीवामृताला खताचा पर्याय समजणं हिशेबात बसत नाही. त्याचे पुरस्कर्तेही त्याला खत न म्हणता विरजण म्हणतात. पण विरजण लावायला आधी दूध लागतं. मातीत पाला, शेणखत, पेंढा काहीच नसेल तर जिवाणूंनी काम करायचं कशावर?

कोकणात शोधलेला मधला मार्ग

डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली ‘चारसूत्री भातशेती’ म्हणजे वरच्या सगळ्या शास्त्राचा व्यवहारी वापर आहे. तिची चार सूत्रं अशी:

१. भाताच्या अवशेषांचा फेरवापर: रोपवाटिकेत तुसाची काळी राख आणि पहिल्या नांगरटीत पेंढा. यातून सिलिका आणि पालाश मिळतं. पेंढा लवकर गाडल्यामुळे नत्र अडकण्याचा धोका कमी होतो.

२. गिरीपुष्पाचा पाला: लावणीच्या साधारण आठवडाभर आधी गुंठ्याला अंदाजे ३० किलो. फांद्या खाचरात पसरायच्या, पानं गळली की काटक्या गोळा करून सरपणाला न्यायच्या आणि मग चिखलणी करायची. बांधावर गिरीपुष्प लावलं की हे खत विकत आणावं लागत नाही आणि गोठ्यात जनावर असण्याचीही अट राहत नाही.

३. नियंत्रित लावणी: १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर, म्हणजे चार चुडांचे चौकोन तयार होतात.

४. युरिया-डीएपी ब्रिकेट: प्रत्येक चौकोनात २.७ ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल. खोल गेल्यामुळे नत्र उडत नाही, वाहत नाही.

या पद्धतीत रासायनिक खत बंद होत नाही, पण कमी लागतं. गोळ्यांतून हेक्टरी साधारण ५७ किलो नत्र जातं. उरलेला भार पाला, पेंढा आणि मातीच्या साठ्यावर टाकलेला असतो. अडचण आहे ती मजुरीची. हाताने गोळ्या खोचत जाणं वेळखाऊ आहे, आणि गावात माणसं कमी असताना ते सोपं नाही.

एका झटक्यात पूर्ण सेंद्रिय केलं तर?

याचं उदाहरण शेजारीच आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. पुरेसं सेंद्रिय खत तयार नव्हतं, शेतकऱ्यांना वेळही मिळाला नाही. भाताचं उत्पादन घसरलं, देशाला तांदूळ आयात करावा लागला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. सेंद्रिय खत वाईट म्हणून हे घडलं असं नाही. मातीचं बचत खातं भरण्याआधीच पगार बंद केल्यावर जे होतं, तेच तिथे झालं.

भारतात १९७० पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रकल्पात वेगवेगळ्या राज्यांत त्याच त्याच प्लॉटवर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत. त्यांचा ढोबळ निष्कर्ष सातत्याने एकच निघतो. नुसतं नत्र देत राहिलेल्या प्लॉटचं उत्पन्न काळाबरोबर खाली येतं. संतुलित नत्र-स्फुरद-पालाश दिलेले प्लॉट टिकतात. आणि त्याबरोबर शेणखतही दिलेले प्लॉट उत्पन्नात आणि सेंद्रिय कर्बात सगळ्यांत पुढे राहतात.

आणि मिथेन?

सेंद्रिय खताची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. पाण्याखाली कुजणाऱ्या कच्च्या सेंद्रिय पदार्थातून मिथेन निघतो, जो हवामान तापवणारा वायू आहे. ताजा पेंढा किंवा हिरवा पाला गाडला तर तो जास्त निघतो, आधीच कुजलेल्या कंपोस्टमधून बराच कमी. पाण्याची सोय हातात असलेल्या उन्हाळी भातात खाचर मधूनमधून सुकवून पुन्हा भरलं तर मिथेन लक्षणीय घटतो. कोकणातल्या जुलैच्या पावसात मात्र हे जमणं कठीण. तिथे पूर्ण कुजलेलं खत वापरणं हाच हातात असलेला उपाय.

लक्षात ठेवायच्या पाच गोष्टी

• शेणखताचे ढीग उन्हात आठवडेच्या आठवडे ठेवू नयेत. त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. पसरलं की लगेच नांगरटीत मिसळावं.

• पेंढा लवकर, पहिल्या नांगरटीत. पाला लावणीच्या आठवडाभर आधी. शेणखत पूर्ण कुजलेलंच.

• सेंद्रिय खत वाढवताना युरिया टप्प्याटप्प्याने कमी करावा, एकाच वर्षी बंद करू नये.

• मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात. फक्त नत्र-स्फुरद-पालाश पाहून थांबू नये. सेंद्रिय कर्ब, सामू आणि जस्त हे आकडेही वाचावेत. कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो कमी समजतात.

• परिणाम एका हंगामात मोजू नये. पहिल्या वर्षी दिसतो तो खताचा जेमतेम तिसरा हिस्सा.

पुढच्या वेळी ‘फक्त हे टाका आणि चमत्कार बघा’ असा व्हिडिओ समोर आला, तर शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारता येतील. त्यातून एकरी किती किलो नत्र जातं? ते लावणीच्या किती दिवस आधी टाकायचं? आणि तेवढा माल गावात मिळतो का? या तिन्हींची उत्तरं व्हिडिओत नसतील, तर त्याच्या भरवशावर युरियाची गोणी परत करण्याची घाई करू नये.